जादा दिवे लावा, पण प्रकाश रस्त्यावरच ठेवा

पावसाळा तोंडावर आला की कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आणि ऑपेरा हाऊसच्या अ‍ॅक्सेसरी बाजारात थार, जिम्नी, गुरखा या गाड्यांची वर्दळ वाढते. टायर, विंच, स्नॉर्कल अशी यादी असते आणि तिच्यात जादा दिवे जवळजवळ ठरलेलेच. माळशेजच्या धुक्यातून किंवा ताम्हिणीच्या अंधाऱ्या वळणांवरून गाडी काढलेल्या कुणालाही ती गरज कळेल. पण घोडबंदर रोडवर किंवा गोवा हायवेवर रात्री दुचाकी चालवणाऱ्याला विचारा. समोरून टपावर लाइट बार पेटवलेली गाडी आली की त्याला ना रस्ता दिसतो, ना खड्डा, ना कडेने चालणारा माणूस.

दोघांचं म्हणणं खरं आहे, आणि दोघांचीही सोय होऊ शकते. त्यासाठी दिव्याचा प्रकाश कुठून निघतो, किती वर जातो आणि कधी बंद होतो एवढं समजून घ्यावं लागतं. दुकानात मात्र चर्चा होते ती वॅट आणि ल्युमेनची.

ल्युमेनचा आकडा का फसवतो

खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेले ल्युमेन म्हणजे दिव्यातून सगळ्या दिशांना मिळून निघणारा एकूण प्रकाश. एखाद्या ठराविक दिशेला प्रकाश किती जोरात जातो हे कॅंडेला सांगतो. आणि तो प्रकाश रस्त्यावर किंवा डोळ्यावर पोहोचल्यावर किती उरतो, ते लक्समध्ये मोजतात. बागेत पाणी घालताना नळाला लावलेला पाइप आठवा. नळातून येणारं पाणी तेवढंच असतं, पण पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला की धार लांब जाते आणि समोरच्याला लागते. ल्युमेन म्हणजे नळाचं पाणी, कॅंडेला म्हणजे त्या धारेचा जोर.

चांगल्या कंपन्या दिव्याबरोबर ‘४०० मीटरवर १ लक्स’ असा आकडा देतात. पौर्णिमेचं टिपूर चांदणं पाव लक्सच्या आसपास असतं, म्हणजे ४०० मीटरवरही चांदण्याच्या चौपट उजेड. ऐकायला छान वाटतं. पण अंतर निम्मं झालं की उजेड चौपट होतो. २०० मीटरवर ४ लक्स, १०० वर १६ आणि ५० मीटरवर ६४. हा सगळा प्रकाश समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात जाणार असेल, तर तो जवळ येईल तसतसा आंधळा होत जाईल.

याच दिव्याची तीव्रता कॅंडेलात काढली तर ती १,६०,००० भरते. आता दुसरा आकडा पाहा. साध्या हेडलाइटचा डिपर, म्हणजे खाली झुकलेला जवळचा झोत, समोरच्या चालकाच्या डोळ्याच्या दिशेने किती प्रकाश टाकू शकतो, यावर आंतरराष्ट्रीय मानकांनी मर्यादा घातली आहे. ती अवघी काहीशे कॅंडेलांची आहे. म्हणजे जादा दिव्याचा मधला झोत थेट डोळ्यावर आला, तर परवानगीच्या कित्येक पट नव्हे, शेकडो पट प्रकाश तिथे पोहोचतो.

आणि लांब दिसावं म्हणून दुप्पट ल्युमेनचा दिवा घेणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. झोताचा आकार तोच ठेवून पल्ला दुप्पट करायचा तर प्रकाश चौपट लागतो. दुप्पट प्रकाशाने पल्ला जेमतेम चाळीस टक्के वाढतो.

डोळे दिपतात म्हणजे काय होतं

प्रखर प्रकाश आला की बाहुली लगेच आकसते, पण तेवढ्याने भागत नाही. डोळ्याच्या भिंगातून जाताना काही प्रकाश आतल्या आत विखुरतो आणि सगळ्या दृश्यावर एक पांढुरका पडदा धरतो. त्यामुळे मधल्या, कमी उठावाच्या वस्तू नाहीशा होतात. काळं जर्किन घातलेला माणूस, रस्त्यावर बसलेलं जनावर, दिवा नसलेली सायकल. वय वाढतं तसं भिंग गढूळ होत जातं आणि विखुरणं वाढतं, म्हणून साठीच्या चालकाला तोच दिवा जास्त त्रास देतो. दुचाकीस्वाराच्या हेल्मेटची काच चरे पडलेली असली तर हाच पडदा डोळ्याच्या आधी काचेवरच तयार होतो. वर पाऊस असेल तर ओला रस्ता उरलासुरला प्रकाश आरशासारखा पुढे फेकतो.

प्रकाश निघून गेल्यावरही नजर लगेच ताळ्यावर येत नाही. अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्याला वीस ते तीस मिनिटं लागतात. कामापुरती नजर काही सेकंदांत परत येते, पण ६० किलोमीटर वेगाने तीन सेकंदांत गाडी ५० मीटर पुढे गेलेली असते. तेवढं अंतर तो माणूस अंदाजाने गाडी चालवत असतो.

डिपरची रेघ

रात्री गाडी भिंतीसमोर उभी करून डिपर लावा. भिंतीवर एक स्पष्ट आडवी रेघ दिसेल. खाली उजेड, वर अंधार. तिला कट-ऑफ म्हणतात, आणि समोरच्याचे डोळे वाचवणारी व्यवस्था म्हणजे हीच रेघ. आपण डावीकडून गाडी चालवतो, म्हणून ती डाव्या बाजूला थोडी वर चढते. त्यामुळे रस्त्याची कड आणि पादचारी दिसतात आणि उजवीकडून येणाऱ्याचा डोळा अंधाऱ्या भागात राहतो. परदेशातून मागवलेला हेडलाइट उजवीकडून वाहतूक चालणाऱ्या देशाचा असेल तर ही चढण नेमकी उलटी, समोरच्याच्या तोंडावर येते. दिसायला कितीही सुंदर असला तरी तो घेऊ नका.

जादा दिव्यांपैकी अशी रेघ असते ती फक्त खऱ्या फॉग लॅम्पला. त्याचा झोत रुंद, चपटा आणि वरून कापलेला असतो. बाकी स्पॉट, फ्लड, लाइट बार यांना रेघच नसते. स्पॉट लांब आणि अरुंद फेकतो, फ्लड जवळ आणि पसरट. पण दोन्ही जितका प्रकाश खाली टाकतात तितकाच वर टाकतात. त्यांना कितीही झुकवलं तरी वरचा अर्धा झोत कुणाच्या तरी डोळ्यात जाणारच. बाजारात चौकोनी एलईडीच्या डब्याला सर्रास ‘फॉग’ म्हणून खपवतात. भिंतीवर रेघ दिसली तर तो फॉग लॅम्प, नाहीतर नाही. युरोपीय मान्यता असलेल्या दिव्याच्या काचेवर वर्तुळात ‘ई’ आणि देशाचा क्रमांक असतो, आणि फॉग लॅम्पवर ‘बी’ किंवा ‘एफ३’ ही खूण असते. ती शोधावी.

हेडलाइटमध्येच एलईडी बल्ब कोंबण्याचा सोपा उपायही रेघेच्या मुळावर येतो. जुन्या पद्धतीच्या एच-४ हॅलोजन बल्बमध्ये डिपरच्या तारेखाली धातूची एक छोटी वाटी असते. ती खाली जाणारा प्रकाश अडवते, म्हणून तो रिफ्लेक्टरच्या खालच्या भागावर पडून वर उसळत नाही. एलईडीची चिप त्या तारेच्या जागी मिलिमीटरपर्यंत नेमकी बसली नाही की रेघ पुसट होते. चालकाला समोर लख्ख दिसतं म्हणून तो खूश असतो, पण त्यातला बराच प्रकाश झाडांच्या शेंड्यांवर आणि समोरच्या काचेवर पडलेला असतो.

टपावर का नको

दुकानात फिटर हमखास म्हणतो, “साहेब, वर लावा, लूक येतो.” लूक येतो हे खरं, पण हिशेब जुळत नाही.

टपावरच्या कॅरियरला लावलेला दिवा जमिनीपासून साधारण १.९ मीटरवर असतो. समोरच्या सेडानच्या चालकाचा डोळा सुमारे १.२ मीटरवर. २५ मीटर अंतरावर त्या डोळ्याखाली झोत न्यायचा तर तो ७० सेंटिमीटर खाली उतरायला हवा, म्हणजे जवळपास ३ टक्के उतार. एवढा झुकवला की झोताचा मध्य ६८ मीटरवरच जमिनीला टेकतो. लांब दिसावं म्हणून वर चढवलेला दिवा लांबचं दाखवणं बंद करतो. आणि एवढं करूनही २५ मीटरच्या आत आलेल्या चालकाच्या, रिक्षावाल्याच्या, पादचाऱ्याच्या डोळ्यातून तो जातोच. वर रेघ नसल्यामुळे पसरलेला प्रकाश वेगळा.

चालवणाऱ्यालाही तो दिवा त्रासच देतो. थारसारख्या सपाट बॉनेटवर त्याचा उजेड सांडतो आणि उलटा डोळ्यात येतो. धुक्यात, पावसात, धुळीत तर जास्तच. दिवा डोळ्याच्या रेषेजवळ असला की हवेतला प्रत्येक थेंब चमकून प्रकाश थेट डोळ्याकडे परत पाठवतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. तोच दिवा खाली बंपरच्या पातळीला असला की चमकणारे थेंब नजरेच्या खाली राहतात. फॉग लॅम्प सगळ्या गाड्यांत खाली असतात ते याच कारणाने.

मग उंची किती? हेडलाइटच्या वर नको. बंपरच्या पातळीला, रेडिएटरची हवा आणि नंबर प्लेट न अडवता. दिवे बसवायला बुलबार, म्हणजे बंपरपुढचा धातूचा गार्ड, लावण्याचा विचार असेल तर तो सोडून द्या. अशा क्रॅश गार्डवर कारवाई करा असं केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०१७ मध्येच राज्यांना कळवलं आहे.

भिंत, मास्किंग टेप आणि मागच्या सीटवरची माणसं

दिवा बसवून झाला की काम संपलं असं समजतात, पण खरं काम इथे सुरू होतं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये सपाट जागा शोधा. पोडियमचा उतार किंवा रॅम्प चालणार नाही. टायरमधली हवा बरोबर करा आणि चालकाच्या जागी कुणाला तरी बसवा. गाडीचं नाक भिंतीपासून १० मीटरवर ठेवा. एवढी जागा नसेल तर ५ मीटर आणि पुढची मापं निम्मी. दिव्याच्या मध्यबिंदूची जमिनीपासूनची उंची फुटपट्टीने मोजा आणि भिंतीवर त्याच उंचीला मास्किंग टेपची आडवी पट्टी चिकटवा. तिच्या १० सेंटिमीटर खाली दुसरी पट्टी. १० मीटरला १० सेंटिमीटर म्हणजे १ टक्का उतार.

डिपरची रेघ दुसऱ्या पट्टीवर यायला हवी. फॉग लॅम्पची तिच्याही खाली, १० ते २० सेंटिमीटरच्या दरम्यान. स्पॉट लावला असेल तर त्याचा सर्वांत उजळ ठिपका वरच्या पट्टीच्या किंचित खाली ठेवा. समोरच्याला तो त्रास देणारच, पण त्याचा बंदोबस्त स्विचने करायचा आहे, कोनाने नाही. एकेक दिवा तपासताना दुसऱ्यावर जाड कापड टाका, नाहीतर कुठला ठिपका कुणाचा ते कळत नाही.

आता मागे दोन-तीन माणसं बसवा, डिकीत सामान भरा आणि पुन्हा भिंत बघा. रेघ वर सरकलेली दिसेल. तीन दारांच्या थारचा व्हीलबेस २४५० मिलिमीटर आहे. पुढचा भाग तसाच राहिला आणि मागचा ४ सेंटिमीटर बसला, तर गाडी १.६ टक्क्यांनी नाक वर करते. तुम्ही दिलेला १ टक्का उतार संपून उलट ०.६ टक्क्यांचा चढ होतो. जमिनीपासून ९० सेंटिमीटरवर असलेल्या हेडलाइटची रेघ ५० मीटरवर १.२ मीटरला पोहोचते, म्हणजे नेमकी सेडानवाल्याच्या डोळ्यावर. शुक्रवारी रात्री चार मित्र, तंबू आणि पाण्याचे कॅन भरून निघालेली गाडी डिपरवर असूनही समोरचा अपर (हेडलाइटचा लांबचा झोत) मारत राहतो, त्याचं एक मोठं कारण हेच. स्टिअरिंगच्या आसपास हेडलाइट खाली-वर करण्याचं छोटं चाक असतं. ते बहुतेकांच्या गाडीत कायम शून्यावर असतं. भरलेल्या गाडीत ते फिरवायचं असतं. जादा दिव्यांना असं चाक नसतं, म्हणून त्यांचा कोन भरलेल्या गाडीवरच ठरवावा.

सस्पेन्शन उंच केलं, टायर मोठे घातले, की ही सगळी मापं नव्याने. खराब रस्त्यावरून आल्यावर ब्रॅकेट हाताने हलवून बघायची सवय ठेवा. एका बोल्टवर उभा असलेला दिवा हादऱ्यांनी फिरतो. एका अंशाचा फरक १०० मीटरवर पावणेदोन मीटर होतो. नायलॉनचे लॉक नट आणि दुसऱ्या बाजूने एक आधारपट्टी, एवढ्यावर हे टळतं.

अपर बंद तर सगळं बंद

मला विचाराल तर जादा दिव्यांच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाची वस्तू दिवा नसून रिले आहे. रिले म्हणजे थोड्या करंटने चालणारा स्विच. ६० वॅटचे दोन दिवे १२ व्होल्टवर १० अँपिअर घेतात. एवढा करंट डॅशबोर्डच्या बारीक वायरीतून नेला तर ती तापते. म्हणून बॅटरीपासून १५ अँपिअरचा फ्यूज, मग रिलेची ३० नंबरची पिन, ८७ मधून दिव्याला. ८५ अर्थला. आणि ८६ ला चालू करणारी वायर.

ती वायर कुठून घ्यायची यावर सगळं अवलंबून आहे. थेट बॅटरीवरून घेतली तर दिवे तुमच्या आठवणीवर चालतात, आणि समोरून अचानक गाडी आली की एका हाताने डिपर मारून दुसऱ्या हाताने स्विच शोधावा लागतो. अपरच्या वायरीवरून, मध्ये एक वेगळा स्विच ठेवून घेतली तर दोन्ही चालू असतील तेव्हाच जादा दिवे लागतात. डिपर मारला की हेडलाइटबरोबर तेही त्याच क्षणी विझतात. फिटरला स्पष्ट सांगा, “दादा, रिले अपरवरून घ्या, आणि डिपर मारून दाखवा.” दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. नव्या गाड्यांत अपरची वायर कंट्रोल युनिटवरून चालते. तिथे वायर सोलून टॅप मारण्यापेक्षा प्लगमध्ये बसणारं तयार हार्नेस (वायरींचा संच) घ्यावं. फॉग लॅम्प मात्र या जोडणीत घेऊ नका. धुक्यात अपर नकोच असतो.

“पिवळे घेतले की झालं ना?”

अर्धंच खरं आहे. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा बरेच मोठे असतात, त्यामुळे ते पिवळा आणि पांढरा प्रकाश सारखाच विखुरतात. पिवळा धुकं भेदत नाही. पण निळसर पांढरा प्रकाश डोळ्याला जास्त खुपतो, आणि पिवळ्यात तो निळा भाग नसतो, म्हणून बराच वेळ चालवताना पिवळा सुखाचा वाटतो. फ्रान्समध्ये १९९३ पर्यंत गाड्यांचे हेडलाइट पिवळेच असत. प्रकाशाचा रंग केल्विनमध्ये सांगतात; ३००० केल्विनचा पिवळसर दिवा ६००० केल्विनच्या निळसर दिव्यापेक्षा मी केव्हाही निवडेन. पण चुकीच्या कोनात बसवलेला पिवळा दिवाही डोळे दिपवतोच.

“दुकानात उघड विकतात, म्हणजे कायदेशीर असणार”

विकण्यावरून रस्त्यावर वापरायची परवानगी ठरत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०६ सांगतो की दिव्यापासून ८ मीटरवर, अर्धा मीटर उजवीकडे आणि दीड मीटर उंचीवर डोळा असलेल्या माणसाला झोत दिपवणार नाही, असा तो कायमचा खाली झुकलेला हवा. नियम १११ नुसार अपवादात्मक परिस्थिती आणि नोंदणी अधिकाऱ्याची आधी घेतलेली परवानगी, हे दोन्ही असल्याशिवाय गाडीच्या पुढे स्पॉट लाइट किंवा सर्च लाइट लावता येत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत केलेल्या बदलांबद्दल आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. कव्हर घातल्याने बेकायदा दिवा कायदेशीर होत नाही. तरी सार्वजनिक रस्त्यावर अपारदर्शक कव्हर घालावंच, कारण चुकून स्विच दाबला गेला तरी कुणाचे डोळे जाणार नाहीत.

“समोरचेही डिपर देत नाहीत, मग मीच का?”

कारण दोन्ही चालक आंधळे झाले की अरुंद रस्त्यावर दोन्ही गाड्या एकाच वेळी अंदाजाने चाललेल्या असतात. समोरच्याने डिपर दिला नाही तर नजर रस्त्याच्या डाव्या पांढऱ्या पट्टीवर न्या आणि वेग कमी करा. उलट अपर मारल्याने तुम्हाला काहीच जास्त दिसत नाही.

“जंगलात तर कुणीच नसतं”

असतं. मे महिन्याच्या अखेरीस भंडारदरा परिसरात काजवे बघायला मुंबईतून शेकडो गाड्या जातात. काजव्यांचं लुकलुकणं म्हणजे नर-मादीची एकमेकांना दिलेली खूण आहे. फ्लडच्या उजेडात ती दिसत नाही आणि जोड्या जमत नाहीत. तिथे गाडी लांब उभी करावी आणि सगळे दिवे बंद करावेत.

ताफ्यातही काळजी घ्यावी लागते. मागच्या गाडीचा स्पॉट पुढच्याच्या आरशात जातो. खडकाळ चढणीवर एक जण खाली उतरून हाताच्या खुणांनी चाकं कुठे टाकायची ते सांगत असतो. त्याच्या तोंडावर दिवे पेटवले तर त्याला तुमचं चाक आणि दगड दोन्ही दिसत नाहीत. त्या वेळी डिपर पुरे.

मग लावायचं काय?

सह्याद्रीतल्या कच्च्या वाटेवर गाडी १०-१५ किलोमीटरच्या वेगाने चालते. तिथे अर्ध्या किलोमीटरवरचं दिसून उपयोग नाही. समोरच्या २०-३० मीटरमधला दगड, खळगा आणि वाटेची कड दिसायला हवी. म्हणून लांब पल्ल्याचे स्पॉट वाळवंटातल्या शर्यतीसाठी ठेवा. आपल्याकडे बंपरच्या पातळीला लावलेली पसरट फ्लडची एक जोडी, कच्ची वाट संपली की कव्हर घालून बंद, आणि घाटासाठी स्पष्ट रेघ असलेले फॉग लॅम्प, एवढं भरपूर होतं. पाण्यातून गाडी काढणार असाल तर आयपी ६७ किंवा वरचा दर्जा बघा. ६७ चा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडूनही आत पाणी शिरत नाही.

आणि खरेदीला जाण्याआधी एक रात्र आहे त्याच हेडलाइटना द्या. पिवळट पडलेली काच पॉलिश करून घ्या, बल्ब जुना असेल तर कंपनीच्या मापाचा नवा घाला, भिंतीसमोर रेघ बरोबर करा आणि मग एकदा कसारा घाटातून जाऊन या. बऱ्याच जणांना त्यानंतर जादा दिव्यांची गरजच उरत नाही. ज्यांना उरते, त्यांना आपल्याला नेमकं काय दिसत नव्हतं हे आता सांगता येईल, आणि त्यावरून फ्लड घ्यायचा की फॉग हे ठरेल.